बोर्जिया पोथीतला मका: शेतीचं पंचांग की पूजेची पोथी?

बांधावरची:
व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या बोर्जिया पोथीचं, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या मेक्सिकोतल्या चित्रपोथीचं, २७वं पान काल बराच वेळ बघत होते. मध्य मेक्सिकोचा पाऊसदेव त्लालोक पाच रूपांत, चार दिशांना चार आणि मध्ये एक. पायाशी मका. कुठे पीक तरारलंय, कुठे आभाळ कोरडं, कुठे जनावरं कणसं खातायत. लिव्हरपूलच्या संग्रहालयातल्या तशाच फेयेरवारी-मायर पोथीतही हाच विषय आहे. माझ्या मते हे सरळ शेतकऱ्याचं पंचांग आहे.

पोथीवाला:
अजिबात पटलं नाही. तिथली दिनगणना २६० दिवसांची, २० चिन्हं आणि १३ आकडे. ती ऋतूंना बांधलेलीच नाही. यंदा पेरणीला आलेला दिवस पुढच्या वेळी १०५ दिवस आधी येतो. तिथल्या दुसऱ्या, ३६५ दिवसांच्या वर्षातही लीप दिवस नाही, म्हणजे ५२ वर्षांत जवळजवळ १३ दिवस घसरण. आपलं मृग सूर्याला धरून दर जूनला लागतं, तसं तिथे नाही. कोणत्या देवाला कधी काय वाहायचं, हे सांगणारी ही पुरोहिताची पोथी.

बांधावरची:
पण पानावर नुसता दिवस नाही, वर्षाचं नावही आहे! ती जोडी ५२ वर्षांनीच परत येते. २८व्या पानावरची ओळीने येणारी वर्षं प्राचीन खगोलज्ञानाचे अभ्यासक अँथनी अवेनी यांनी पंधराव्या शतकातल्या खऱ्या वर्षांशी जुळवून पाहिली आहेत. आणि ‘एक ससा’ या वर्षाची धास्ती काय उगाच होती? १४५४ साली, त्याच नावाच्या वर्षी, दुष्काळात तेनोच्तित्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीच्या लोकांनी मक्यासाठी स्वतःला विकलं.

खानदेशी:
माया लोकांच्या माद्रिद पोथीत पेरलेलं बी खाणारी पाखरं आहेत. पेरणीनंतर राखणीला बसलेल्याला ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. २०१८मध्ये भारतात आलेली लष्करी अळीही मूळची अमेरिका खंडातलीच, मक्यासारखी. आमच्या मक्याच्या पोंग्यात ती दिसली त्या दिवशी आजीने शेतात नारळ फोडला आणि आम्ही फवारणीही केली. यातली शेती कुठली आणि पूजा कुठली?

पोथीवाला:
दोन्ही एकाच दिवशी झाली, हे मान्य. पण नारळावरून फवारणीची वेळ ठरली नाही, पोंग्यातली अळी बघून ठरली. या पानांवर बी कधी टाकायचं ते दाखवा, मी शब्द मागे घेतो.