सव्वापाच इंची फ्लॉप्या, २८६ मशीन आणि जिस्ट कार्ड: सुरुवात कुठून करू?

बोडीकाठ (धंतोली, नागपूर)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण पूर्ण सांगितल्याशिवाय कुणाला नीट सुचवता येणार नाही.

माझे बाबा ब्रह्मपुरीकडे शाळामास्तर होते. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, धानशेतीचे शब्द जमवायचा त्यांना ध्यास होता. बांधी, बोडी, रोवणी, मळणी, अवजारांची नावं, म्हणी, रोवणीच्या वेळी बाया म्हणतात ती गाणी. सायकलवर गावोगाव फिरून वहीत उतरवायचे आणि रात्री कॉम्प्युटरवर चढवायचे. पुढे वह्यांना वाळवी लागली, एक वही तेवढी वाचली. बाकी जे काही उरलंय ते फ्लॉप्यांत.

गावचं घर रिकामं केलं तेव्हा सगळं इकडे आणलं. आडवी कॅबिनेट, २८६ मशीन, पुढे खिट्टी फिरवायची असते तो सव्वापाच इंची ड्राइव्ह, आत जिस्ट असं छापलेलं, मराठी लिहा-वाचायचं लांबलचक कार्ड, की-बोर्डवर देवनागरी स्टिकर. फ्लॉप्यांचा एक डबा आहे. लेबलांवर बाबांचं अक्षर: ‘शब्द अ ते औ’, ‘धान’, ‘म्हणी’, ‘बॅकअप’. काही फ्लॉप्यांच्या लांबट खिडकीतून पांढरट ठिपके दिसतात.

बर्डीवर एका दुकानात विचारलं, तर म्हणाले ठेवून जा, चालू करून पाहतो. मला धीर झाला नाही, परत घेऊन आले. ऑनलाइन मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सगळे साडेतीन इंची आहेत.

मशीन चालू करून पाहू का? फ्लॉप्या कशावर वाचता येतील? आणि वाचल्या तरी त्यातलं मराठी आजच्या लॅपटॉपवर दिसेल का?

इतवारी_एक्सटी

ताई, हा तर खजिना आहे, भंगारवाल्याच्या नजरेसही पडू देऊ नका. गोटेक म्हणून एक डबी मिळते, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसते आणि तिला पेनड्राइव्ह लागतो. माझ्या जुन्या एक्सटी पीसीला तीच लावलीय, मस्त चालून राहिली. एकदा मशीन सुरू करून बीप येतो का पाहा, मग पुढचं सोपं.

जुना_सर्व्हिसवाला (महाल, नागपूर)

ताई, मशीन चालू करू नका. दुकानातून परत आणलंत ते फार चांगलं केलंत.

इतवारीवाले भाऊ, गोटेक उत्तम वस्तू आहे, पण ती मशीनला फ्लॉपी लावल्याचं भासवते. ताईंच्या फ्लॉप्या ती वाचणार नाही. इथे मशीन जगवण्याची घाई नाही. २८६ अजून कुठे ना कुठे मिळेल, ‘धान’ लिहिलेली फ्लॉपी एकच आहे. म्हणून आधी फ्लॉप्या, मशीन सगळ्यात शेवटी.

मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून विदर्भात याच मशीनची सर्व्हिसिंग केली. फ्लॉपी जुनी झाली म्हणून मेली असं क्वचितच पाहिलं. मेल्या त्या बहुतेक घाण ड्राइव्हमध्ये घालून पुन्हापुन्हा वाचायचा हट्ट धरल्याने. सेक्टर, म्हणजे चकतीवरचा छोटा कप्पा, वाचता आला नाही की डॉस (त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम) विचारतो, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ माणूस रिट्राय, रिट्राय दाबत बसतो आणि तेवढा वेळ ड्राइव्हचं वाचणारं हेड त्याच जागी चकतीला घासत असतं. बुरशीचा कण हेडखाली अडकला असेल तर तो लेप खरवडून काढतो, आणि लेप गेला की अक्षरही गेलं.

आता हातातलं काम. फ्लॉपीच्या कडेला चौकोनी खाच असते, ती अपारदर्शक पट्टीने झाका. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं. साडेतीन इंचीत उलटं, तिथे भोक उघडं ठेवल्यावर बंद होतं. लोकांचा नेमका इथे घोळ होतो. डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्यांना पट्टी लावल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

मग एकेक फ्लॉपी उजेडाकडे धरा, मधल्या भोकात बोट घालून चकती हलकेच फिरवा आणि खिडकीतून दोन्ही बाजू पाहा. निरोगी चकती गडद तपकिरी, एकसारखी चमकते. बुरशी असेल तर धुरकट पांढरे ठिपके दिसतील, कधी जाळीसारखे पसरलेले. अशा फ्लॉप्या वेगळ्या पिशवीत ठेवा, चांगल्यांत मिसळू नका. आणि हे सगळं कूलरच्या खोलीत नको. नवतपात आपण दारं लावून कूलर सोडतो, ती हवा ओली असते आणि टाकीच्या पाण्यातले क्षारही बरोबर आणते. पावसाळाभर कपाटात कोंडलेल्या फ्लॉपीला बुरशी धरते तीही ओलीपायीच.

बुरशीची फ्लॉपी धुता येते, पण आधी एखाद्या टाकाऊ फ्लॉपीवर हात बसवून घ्या. हातमोजे आणि मास्क घाला. पाकिटाची वरची घडी ब्लेडने उकला, चकती कडेला धरून बाहेर काढा. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्डने धुवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षाराचे डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालेल. सावलीत पूर्ण वाळू द्या आणि कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट उकलून त्यात ही चकती घाला. जुन्या पाकिटाच्या आतल्या अस्तरात बुरशी बसलेली असते, ते पुन्हा वापरायचं नाही. कापडावर तपकिरी रंग उतरायला लागला तर तिथेच थांबा.

वाचायला ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड घ्या. ते एका बाजूने यूएसबीने लॅपटॉपला आणि दुसऱ्या बाजूने ३४ तारांच्या चपट्या केबलने फ्लॉपी ड्राइव्हला जोडतात. त्याचा मोठा गुण हा की ते फाइली शोधत नाही. चकतीवर चुंबकत्वाची दिशा कुठे कुठे बदलते त्या वेळा जशाच्या तशा टिपून घेतं. म्हणजे फ्लॉपी एकदाच फिरवायची, कच्ची नोंद लॅपटॉपवर ठेवायची आणि त्यातून सेक्टर, फाइली, अक्षरं काय काढायचं ते नंतर हवं तितक्या वेळा काढायचं. चकतीला पुन्हा हात लावायची गरज नाही.

ड्राइव्ह तुमच्याच मशीनमधला काढा. खिट्टीचा आणि २८६ मधला, म्हणजे बहुधा १.२ एमबीचा आहे. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हेड पुसा. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. सव्वापाच इंची ड्राइव्हला लागणारी वीज बोर्ड पुरवत नाही, १२ आणि ५ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात, त्याला कुठल्याही चालू पीसीचं एसएमपीएस (पॉवर सप्लाय) चालेल. फ्लॉप्या ३६० केबीच्याही असतील (४० ट्रॅक, ९ सेक्टर), १.२ एमबीच्याही (८० ट्रॅक, १५ सेक्टर). मधल्या भोकाभोवती जाड कडं असेल तर सहसा ३६० केबी. १.२ चा ड्राइव्ह दोन्ही वाचतो, फक्त ३६० केबीवर त्यातून लिहू नये, त्याचं हेड अरुंद असतं. तुम्हाला तर लिहायचंच नाही.

सुरुवात कोऱ्या फ्लॉपीने करा, मग ज्यांचं महत्त्व कमी त्यांनी. ‘धान’ मागाहून. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसा. वाचताना चीं चीं असा आवाज आला तर त्याच क्षणी खिट्टी उघडा.

बोडीकाठ

काका, अगदी तुम्ही सांगितलं तसंच केलं. कोरी फ्लॉपी, मग ‘म्हणी’, मग ‘धान’. ‘धान’ पूर्ण वाचली गेली, एकही सेक्टर लाल दाखवला नाही! आत डीबीएफ, म्हणजे डीबेस या डेटाबेस प्रोग्रामच्या फाइली आहेत. लिबरऑफिसमध्ये कोड पेज ४३७ (डॉसची जुनी अक्षरसारणी) निवडून उघडल्या तर स्तंभांची नावं इंग्रजी लिपीत नीट दिसतात: शब्द, अर्थ, गाव. पण खाली सगळ्या रेघा, कोपरे आणि फुल्या. हे मराठी परत येईल का?

लिपीवेडी

येईल ताई, आणि सगळं येईल. तुम्ही पाहताय त्या रेघाच तुमचं मराठी आहेत.

नंतरच्या काळात विंडोजवर जे मराठी फॉन्ट आले त्यांतल्या बऱ्याच जणांत काना, वेलांटी, अर्धं अक्षर असे आकार साठवलेले असतात आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. जिस्ट कार्ड इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांच्या मानकाचे कोड साठवतं. त्यात आधी व्यंजन, मग मात्रा, जसं आपण बोलतो तसं. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरूनच घेतला आहे, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर जवळजवळ अक्षरास अक्षर होतं. १९९१ च्या मानकात, म्हणजे आयएस १३१९४ मध्ये, क चा कोड बी३, काना डीए आणि हलन्त ई८ (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे).

खात्री करून घ्या. ‘धान’ हा शब्द सी५, डीए, सी६ असा पडतो. कोड पेज ४३७ मध्ये ते दिसतं असं: एक फुली, मग वरचा डावा कोपरा, मग एक उभी रेघ जिला उजवीकडे दोन आडव्या रेघा फुटल्यात. शब्द या स्तंभात हा क्रम शोधा. पीसी-इस्की म्हणून दुसरी मांडणीही होती, तिच्यात चौकटीच्या रेघांचे कोड टाळलेले असत. तुमच्याकडे रेघाच रेघा आहेत, म्हणजे ती नाही.

आयसीयू नावाच्या मोफत लायब्ररीत इस्कीचा कनव्हर्टर आहे. रूपांतर झाल्यावर ‘ऱ्ह’ असलेले शब्द आणि ऑ-ॲ असलेले शब्द वाचलेल्या वहीशी ताडून पाहा, तिथे गडबड होऊ शकते. क्रम लावताना आणखी एक: कोडच्या क्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. शब्दसंग्रह छापायचा असेल तर क्रम मुद्दाम दुरुस्त करावा लागेल.

जुना_सर्व्हिसवाला

वाचून फार आनंद झाला, ताई. लिपीवेडी ताईंनी सांगितलं त्यात माझी थोडी भर.

डीबीएफ फाइलचा पहिला बाइट हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पाहा. ०३ असेल तर सगळा मजकूर त्याच फाइलीत आहे. ८३ असेल तर लांब मजकूर त्याच नावाच्या डीबीटी फाइलीत ठेवलेला आहे. डीबेसच्या साध्या रकान्यात २५४ च्या वर अक्षरं मावत नाहीत, म्हणून तुमच्या बाबांनी गाणी असतील तर ती बहुधा डीबीटीत घातली असतील. डीबीटीशिवाय नुसती डीबीएफ कॉपी केलीत तर गाणी मागे राहतील.

दुसरं. प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाइट असतो. तिथे मोकळी जागा असेल तर नोंद चालू, तारा (*) असेल तर पुसलेली. डीबेसमध्ये डिलीट केलं तरी पॅक म्हणेपर्यंत नोंद फाइलीतून जात नाही, आणि बरेच प्रोग्राम अशा नोंदी दाखवत नाहीत. मास्तरांनी एखादा शब्द कच्चा वाटून पुसला असेल, दुसऱ्या गावात त्याचा वेगळा अर्थ मिळाला म्हणून नवा लिहिला असेल. बोलीच्या अभ्यासात तेही मोलाचं आहे. तारेच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवा, टाकू नका.

बोडीकाठ

काका, पहिला बाइट ८३ आहे, आणि डीबीटी आहे! त्यात गाणीच आहेत. पुसलेल्या नोंदीही बऱ्याच निघाल्या, काहींपुढे दुसऱ्या गावाचं नाव आहे. ‘शब्द अ ते औ’ मध्ये मात्र काही सेक्टर वाचले जात नाहीत, आणि ‘बॅकअप’ ला बुरशी आहे. आता मशीनलाही हात लावू का?

जुना_सर्व्हिसवाला

आधी ‘बॅकअप’. ती धुवून, वाळवून, नव्या पाकिटात घालून एकदाच वाचा. तिच्यात तीच डीबीएफ असेल तर दोन्ही फाइली हेक्समध्ये शेजारी उघडा. एकीत जो सेक्टर गेलाय तो दुसरीत शाबूत असण्याची बरीच शक्यता आहे, ५१२ बाइटचा तेवढा तुकडा तिथून घ्यायचा. पण बॅकअप जुना असेल तर मधल्या नोंदी सरकलेल्या असतात, म्हणून गेलेल्या तुकड्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जुळतात का ते पाहूनच बसवा. कच्च्या नोंदींची एक प्रत धंतोलीच्या घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

मशीनला आता हात लावा. मदरबोर्डवर नळकांड्यासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी सोल्डर केलेली असेल तर ती कटरने कापून काढा. अशा बॅटऱ्या गळतात आणि त्यातला अल्कली शेजारचे तांब्याचे ट्रॅक खातो. हिरवट-पांढरी पूड दिसली तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग डिस्टिल्डने, मग अल्कोहोलने, आणि नीट वाळू द्या. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट टिकून असतात. ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि लोड लावल्याशिवाय चालू करू नका. मदरबोर्डला परत जोडताना पी८ आणि पी९ असे दोन कनेक्टर शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या तारा मधे एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, उलट बसले तर बोर्ड जळतं.