मदत हवी आहे: आईचा आमवात, टोफासिटिनिब की इंजेक्शन?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची, आम्ही लालबागला राहतो. नऊ वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड (म्हणजे आमवात) आहे, अँटी-सीसीपी ही त्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. रविवारी मेथोट्रेक्सेट, सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय रोजची एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन). या पावसाळ्यापासून सकाळचे दोन तास मूठच वळत नाही. पोळ्या लाटणं केव्हाच सुटलं, आता दुधाची पिशवीही मीच कापून देतो.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: टोफासिटिनिबच्या गोळ्या किंवा दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन. "घरी ठरवून सांगा" म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. गोळी स्वस्त पडते. पण पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवरच्या चाचणीत टोफासिटिनिबवर हार्ट अटॅक आणि कॅन्सर जास्त दिसले, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये इशारा दिला. आईला बीपी आहे, म्हणजे ती नेमकी त्याच गटात. इंजेक्शन घ्यावं तर प्रतिकारशक्ती दबून अंगात दडलेला टीबी उठण्याची भीती. बाबांना वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्यांचं सगळं तिनेच केलं.

त्यात मामाचा फॉरवर्ड: "आयआयटी मुंबईच्या शोधाने संधिवात मुळापासून जातो!" शोधलं तर ती २०२३ मध्ये मंजूर झालेली नेक्सकार१९ निघाली, रक्ताच्या कॅन्सरसाठीची सीएआर-टी (रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून परत देण्याचा उपचार). जर्मनीत एर्लांगेनला अशीच सीएआर-टी ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) पाच रुग्णांना दिली आणि ते इतर औषधांशिवाय बरे राहिले, असा २०२२ चा पेपर आहे. पण आईचा आजार ल्युपस नाही.

बीपी असताना टोफासिटिनिब घेणारं कुणी आहे का? मुंबईत आमवातावरच्या नव्या उपचाराची चाचणी चालू असेल तर कुठे कळेल?

(मेथीचे लाडू, एरंडेल, तांब्याचं कडं हे सगळं करून झालंय.)

प्रतिसाद
टीबीचं आधी तपासून घ्या, दोन्ही औषधांआधी ते लागतंच. इग्रा (टीबीची रक्ततपासणी) आणि छातीचा एक्स-रे. सुप्त टीबी निघाला तर त्याचं औषध आधी सुरू करतात, साधारण महिन्याने इंजेक्शन. माझ्या सासूबाईंचं असंच झालं. बीपीचं मात्र डॉक्टरांसमोर पुन्हा स्पष्ट बोला, संधिवाताच्या डॉक्टरांना कधीकधी ते माहीतच नसतं.
चाचण्या सीटीआरआयच्या (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदणी) साइटवर आजाराच्या नावाने शोधता येतात. संमतीपत्र मराठीत मागा. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले तर उठून या.

धागाकर्ता
आभार ताई. बीपीचं खरंच केसपेपरवर नव्हतं! बुधवारी इग्राला रक्त देतोय.