टाकी जड आहे तरी गॅस येईना, मदत हवी आहे

भट्टीवाला_भूम: तातडीनं सांगा कुणीतरी. आठ दिवस झाले, पहाटे अर्ध्या तासात ज्योत बसायलीय. खवा कढईला लागतोय. टाकीला खालून पांढरा बर्फ धरतो. रेग्युलेटर बदलला, पाईप बदलला. एजन्सीवाले म्हणतात टाकी चांगलीय. गॅसमध्ये भेसळ असंल का?

नांदेडची_ताई: टाकी 14.2 किलोची का 19 ची? भट्ट्या किती? नवी असतानाही असंच होतं का?

दत्ता_केज: उकळतं पाणी ओता टाकीवर. केटरिंगला आम्ही हेच करतो. नाहीतर आडवी करा, तळातला गॅस निघतो.

रसायन_लातूर: दत्ताभाऊ, हात जोडते, असलं सांगू नका. आडवी केली की वायूऐवजी द्रवच पाईपात उतरतो. एका लिटरचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, भडकाच उडायचा. उकळतं पाणीही नको, दाब किती चढेल नेम नाही.

दत्ता_केज: इतक्या वर्षांत आमच्याकडं काही झालं नाही.

रसायन_लातूर: झालं असतं तर इथं लिहायला राहिला नसतात, दादा.

अंबाजोगाईकर: सबसिडी अडकली असेल तर आधी ई-केवायसी करून घ्या.

भट्टीवाला_भूम: सबसिडीचं नाही हो. 19 ची टाकी, एकीवर दोन मोठ्या भट्ट्या. नवी असली की चालते, निम्मी झाली की सुरू. उन्हाळ्यात कधी झालं नाही.

रसायन_लातूर: मग भेसळ नाही. टाकीतला गॅस म्हणजे ब्यूटेन नि प्रोपेन या दोन वायूंचं मिश्रण; ते द्रव असतं ते दाबामुळं. मोकळ्या हवेत ब्यूटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, प्रोपेन उणे 42 ला. कॉक उघडला की दाब उतरतो, द्रव उकळतो आणि त्याला लागणारी उष्णता स्वतःतून नि पत्र्यातून ओढतो. दोन भट्ट्यांची ओढ मोठी, बाहेरची हवा गार. द्रव गारठतो, गारठला की दाब आणखी पडतो. बर्फ म्हणजे हवेतलंच बाष्प. निम्म्या टाकीत द्रवाला टेकलेला पत्रा कमी, शिवाय प्रोपेन आधी उडून ब्यूटेन जास्त उरलेला. फिटरकडून दोन-तीन टाक्या एका लाइनवर घ्या, उभ्याच.

परभणीचा_शेतकरी: बाभळीच्या लाकडावरच्या खव्याची चव गॅसला नाही. आमच्या आजीचा खवा चार दिवस टिकायचा.

नांदेडची_ताई: आणि आजीचे डोळे? धुरानं गेले असतील. इथं गॅसचं चाललंय.

भट्टीवाला_भूम: ताई, तीन टाक्या जोडल्या. आज चार ते सात भट्टी एकसारखी चालली, पत्र्यावर नुसतं दव. फिटर म्हणतो निम्मी आणि भरलेली सोबत लावू नका. खरंय का?

रसायन_लातूर: खरंय. भरलेलीत प्रोपेन जास्त, म्हणून दाबही जास्त. प्रत्येक टाकीच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एका टाकीतला गॅस उलटा दुसरीत जाऊ न देणारी झडप, आहे का, ते आजच बघा.