रात्रीचा कळसूबाई चढून सूर्योदय पाहिलाय का? आपापले अनुभव लिहा

थंडी पडली की सगळीकडे पोस्टरं फिरायला लागतात, कळसूबाई नाईट ट्रेक, महाराष्ट्राच्या एव्हरेस्टवरून सूर्योदय वगैरे. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक, त्यामुळे जायचं तर प्रत्येकालाच असतं. पण पोस्टरवर नुसता सूर्य असतो, त्याआधीच्या रात्रीचं कोणी बोलत नाही. तर लिहा मंडळी, कधी गेलात, काय दिसलं, काय नाही दिसलं. दुसऱ्या डोंगराचं असलं तरी चालेल.

माझ्यापासून सुरू करतो. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, पायथ्याच्या बारी गावातून बऱ्यापैकी चालणाऱ्याला वर जायला तीन-साडेतीन तास लागतात, मग हे लीडर लोक रात्री बारालाच का हाकतात कळत नाही. आमची गँग चारच्या आत माथ्यावर. माथा म्हणजे देवीचं छोटं देऊळ आणि भोवती थोडी सपाटी, आडोसा शून्य, त्यात चढताना टीशर्ट घामाने भिजलेला आणि वर भन्नाट वारा. सूर्य आला तेव्हा निम्मी पब्लिक शाली डोक्यावरून घेऊन गाढ झोपलेली! खरी मजा त्याच्या आधीचा अर्धा-पाऊण तास, तांबडं फुटतं तेव्हा एकेक डोंगर काळा काळा वर यायला लागतो, तो चुकवू नका. आणि कोरडा शर्ट सॅकमध्ये पाहिजेच, जॅकेटपेक्षा तो महत्त्वाचा.

* * *

उशिरा निघा म्हणणं सोपं आहे हो, पण शनिवारी रात्री जाऊन बघा. लोखंडी शिड्यांवर ट्रॅफिक जाम असतो. एक जण मध्येच थांबून सेल्फी काढतो, खालचे वीस जण रेलिंग धरून उभे, त्यात कोणाच्या तरी स्पीकरवर गाणी. आम्ही तांबडं फुटलेलं शिडीवरूनच पाहिलं, समोर पुढच्या माणसाचे बूट. मी तर म्हणेन शनिवार टाळा नाहीतर लवकर चढून शेवटच्या शिडीखाली विहिरीपाशी थांबा, तिथे वारा जरा कमी लागतो.

* * *

आमच्याकडे कळसूबाई म्हणजे ट्रेक नाहीच, नवरात्रात चढायची देवी. लग्नानंतर सासूबाईंबरोबर पहिल्यांदा गेले, त्या साडी खोचून, अनवाणी, हातात पूजेची पिशवी, आणि मी नवे बूट घालून त्यांच्या मागे धापा टाकत. वाटेत त्या कळसूची गोष्ट सांगत होत्या, ती एका पाटलाकडे कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर, आणि एकदा तेच करायला लावलं तशी सगळं टाकून डोंगरावर निघून आली ती आलीच. मला ती फार आवडली! वर पोचलो तर पूर्वेला नुकतं लाल व्हायला लागलेलं, मी म्हटलं आई थांबा ना, बघू. तर म्हणाल्या, "तो काय रोजच उगवतो, आधी ओटी भर, रांग वाढतेय." मी रांगेत उभी राहूनच मान वळवून वळवून पाहिला.

* * *

आम्ही पावसाळा संपतासंपता गेलेलो, सोनकी फुललेली बघायची होती. रात्रभर धुकं, हेडलॅम्प लावला की समोर नुसती पांढरी भिंत, उलट बंद केल्यावर पायाखालचं बरं दिसायचं. शिड्या ओल्या. सूर्योदयाच्या टायमाला काळं धुकं राखाडी झालं, मग पांढरं झालं, झाला आमचा सूर्योदय. आठनंतर उतरताना ऊन पडलं आणि सोनकी मात्र सगळा उतार भरून होती. पैसे वसूल.

* * *

परदेशातलं चालणार असेल तर श्रीलंकेतलं श्रीपाद. २२४३ मीटर, पण वाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, पाच हजारांच्या वर. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेपर्यंत सीझन, तेव्हा अख्ख्या वाटेवर दिवे आणि चहाची दुकानं, टॉर्च लागत नाही. वर पाऊल उमटलंय, बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान म्हणतात आदमचं, आणि चढतात सगळे एकाच रांगेत. जितक्या वेळा वर आलात तितके टोले घंटेला द्यायचे, एका आजोबांनी सुरू केलं ते थांबेचनात! सूर्य उगवल्यावर सगळे लगेच उलट्या बाजूला पळाले, मला कळेना काय झालं, तर डोंगराची भलीमोठी त्रिकोणी सावली धुक्यावर पडलेली.

* * *

वरच्या प्रतिसादातली सावली कळसूबाईलाही दिसते, हवा स्वच्छ हवी फक्त. पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आहेत त्या बाजूला बघायचं. डोंगराचा आकार कसाही असो, सावली त्रिकोणीच दिसते, कारण ती मैलोन्‌मैल लांब जाते आणि रेल्वेचे रूळ लांबवर जुळल्यासारखे वाटतात तशा तिच्या कडा जुळतात. सूर्य वर चढला की भराभर आखडत जाते, म्हणून पहिल्या काही मिनिटांतच मागे वळा. सगळे मोबाईल पूर्वेकडे असतात, इकडे गर्दी नसते. मग दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकायला लागतं ते वेगळंच.

* * *

बाबांना न्यायचंय, वय ६२, रोज चालतात पण गुडघा थोडा कुरकुरतो. जमेल का?

* * *

चढायला जमेल, उतरताना बघा. रात्रभर जागरण, डोक्यावर ऊन आणि सुटे दगड, गुडघे बोलतात ते तेव्हा. काठी द्या, आणि रात्रीचा हट्ट कशाला? बारीत कोणाच्या घरी मुक्काम करा, झोप काढून तीनला निघा, बरोबर गावातला एखादा दादा घ्या. वर उजाडेपर्यंत नाही पोचलात तर मधल्या टप्प्यावर बसून बघा, तिथूनही पूर्व मोकळी आहे आणि उतरताना वाटेत चहा-भजी मिळतातच.