नवीन लेख टाकला की वाचकांना आपोआप मेल कसा पाठवायचा?

गच्चीवरची बाग
नमस्कार मंडळी, माझा गच्चीवरच्या भाजीपाल्याचा ब्लॉग आहे, वर्डप्रेसवर, डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःचं आहे. तीन वर्षं झाली, दर रविवारी लेख टाकते आणि मग बसून सगळ्यांना बीसीसीत (एकमेकींचे पत्ते दिसू नयेत म्हणून) मेल करते. आता यादी ५४० वर गेलीये आणि गेल्या दोन रविवारी बऱ्याच जणींना मेल पोचलाच नाही. यातल्या कितीतरी जणी साठीच्या पुढच्या आहेत, फेसबुकवर नसतात, मेल आला तरच लेख वाचतात, त्यामुळे या यादीत माझा फार जीव आहे. लेख पब्लिश झाला की मेल आपोआप जाईल असं काही आहे का? कोडिंग मला येत नाही.

फीडवाला
ताई, मेल जीमेलचा असेल तर फुकटच्या खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतो, तिथेच अडलं असणार.

कोडिंग लागत नाही. वर्डप्रेसला आरएसएस फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी, असतंच, तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे /feed असं टाइप करून बघा, शेवटचे दहा लेख दिसतील. मेलचिंप, मेलरलाइट वगैरे एकगठ्ठा मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आरएसएस कॅम्पेन म्हणून प्रकार असतो, तिथे हा पत्ता द्यायचा आणि वार-वेळ ठरवायची. त्या वेळी सॉफ्टवेअर फीड बघतं, नवीन लेख असला तर मेल जातो, नसला तर जात नाही, म्हणजे एखादा रविवार चुकला तरी रिकामा मेल कुणाला जाणार नाही. खातं उघडल्यावर टाइमझोन भारताचा आहे ना ते आधी बघा, आणि फुकटच्या प्लॅनमध्ये ही सोय आहे का तेही, कारण प्लॅन बदलत राहतात. पूर्वी फीडबर्नर हे काम फुकट करायचं पण २०२१ मध्ये गूगलने त्यातली मेलची सोय बंद केली, तेव्हा जुन्या लेखांत वाचून त्याच्या मागे लागू नका.

नाशिककर
पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र तुमच्या डोमेनचाच ठेवा, जीमेलचा नको!! दुसऱ्याच सर्व्हरवरून जीमेलच्या पत्त्याने मेल आला की तो तपासणीत नापास होतो आणि स्पॅममध्ये जाऊन पडतो. डोमेन जिथून घेतलंय तिथे डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) सॉफ्टवेअरने दिलेल्या डीकिम-एसपीएफच्या, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या, दोन-तीन ओळी चिकटवायच्या, बस. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबतीत कडक झालेत. आणखी एक, ५४० पत्ते सॉफ्टवेअरमध्ये थेट चढवू नका. आधी सगळ्यांना एक साधा मेल करून नोंदणीची लिंक द्या, दोन दिवसांत वाटून पाठवा. शंभरेक कमी होतील कदाचित, पण ज्यांना नकोय ते स्पॅमचं बटण दाबतात आणि मग ज्यांना हवाय त्यांचाही मेल अडकतो.

गच्चीवरची बाग
खूप आभार दोघांचे. खातं उघडलं, पण ते मेलच्या खाली छापायला टपालाचा पत्ता मागतंय. घराचा पत्ता पाचशे लोकांना द्यायची भीती वाटते हो.

नाशिककर
अमेरिकेच्या कायद्यात तो सक्तीचा आहे, म्हणून तिकडची सॉफ्टवेअर मागतात. पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो, तो चालतो. घराचा देऊ नका.

अक्षरवेडी
मराठीत लिहिणाऱ्यांनी हे नक्की वाचा. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकाला तीन बाइट (मजकुराच्या आकाराचं माप, हजारेक बाइट म्हणजे एक केबी) लागतात, इंग्रजी अक्षराला एक. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं, त्यामुळे सगळा लेख मेलमध्ये टाकला, वरून भारी टेम्प्लेट, तर आपला मेल इंग्रजीच्या कितीतरी आधी कापला जातो. आणि कापला की तळाची अनसबस्क्राइबची (मेल बंद करायची) लिंकच दिसत नाही, मग वैतागून माणूस स्पॅमच दाबणार ना. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंग्जमध्ये फीडसाठी पूर्ण लेखाऐवजी सारांश निवडा, मेलमध्ये एक फोटो, चार ओळी आणि लेखाची लिंक एवढंच जाऊ द्या. जुन्या लेखाची पब्लिशची तारीख बदलू नका, तो नवा समजून परत सगळ्यांना जाऊ शकतो. शुद्धलेखन खुशाल दुरुस्त करा, त्याने काही होत नाही.

गच्चीवरची बाग
सारांश केला, डीएनएसच्या ओळी भाच्याने फोनवर सांगत सांगत टाकून घेतल्या. माझ्याच दोन पत्त्यांवर टेस्ट मेल आला, दोन्हीकडे इनबॉक्समध्ये! नोंदणीची लिंक उद्या पाठवते, पहिले २७० उद्या आणि उरलेले परवा.