काळ्या मस्टँगला वॅक्स: कोणतं घ्यायचं आणि कसं लावायचं (सोसायटीतली चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

सी-७०२: पाऊस उघडलाय, दसऱ्याआधी गाडीला वॅक्स करायचंय. काळी फोर्ड मस्टँग, कंपनीचाच रंग, पीपीएफ (रंगावरची पारदर्शक संरक्षक फिल्म) नाही, सिरॅमिक कोटिंग नाही. पोडियमवर (इमारतीच्या उघड्या पार्किंग मजल्यावर) उभी असते, दुपारचं ऊन थेट लागतं. कार्नोबा वॅक्स घ्यावं की सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी पॉलिमरचा संरक्षक थर)?

बी-३०१: सीलंट. काळ्या बॉनेटवर ऊन, खाली ५ लिटरचं व्ही-८ इंजिन तापलेलं. कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध असेल तर ८२ ते ८६ अंशांच्या आसपास वितळतं, पण डब्यात शुद्ध कुठे असतं? तेलं, सॉल्व्हंट, मऊ मेणं मिसळलेली असतात, ती बरीच आधी ढिली पडतात. उन्हातल्या गाडीवर ६-८ आठवडे टिकलं तरी पुष्कळ. चांगलं पॉलिमर सीलंट ४-५ महिने जातं.

ए-१०४: टिकण्याचं मान्य. पण काळ्या रंगावर कार्नोबाने जी ओलसर, खोल झाक येते ती सीलंटला येत नाही. दोन्ही लावा. आधी सीलंट, वर कार्नोबा. क्रम उलटा करू नका, सीलंटला स्वच्छ क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) लागतो, मेणावर ते धरत नाही.

बी-३०१: हे पटलं काका. मध्ये किमान १२ तास जाऊ द्या, नाहीतर वरच्या वॅक्समधलं सॉल्व्हंट खालचा कच्चा थर खातं. बाटलीवर वेळ लिहिलेली असते, तीच पाळा.

सी-७०२: बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. वॅक्सने जातील?

ए-१०४: नाही. वॅक्स रेघा भरतं, काढत नाही. महिन्या-दीड महिन्यात परत दिसतील. त्या काढायला फिनिशिंग पॉलिश (क्लिअरकोट अगदी किंचित घासणारं) लागतं, आणि तेही जपून. क्लिअरकोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, दर वर्षी कंपाउंड (त्याहून खरखरीत पॉलिश) मारत बसलात तर तो संपतो.

आणि या रेघा येतात कुठून, ते आधी बघा. सकाळी गाड्या पुसणारी मुलं एकच कोरडं फडकं दहा गाड्यांवर फिरवतात. रात्रभर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते, ती कापडाखाली घासली जाते. मुलांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. काळ्या गाडीला कोरडा हात लावू द्यायचा नाही, एवढा एक नियम केलात तर निम्मं काम झालं.

सेक्रेटरी: पोडियमवर पाइप लावून धुण्याला बंदी आहे, कृपया लक्षात असू द्या. बादलीने चालेल.

बी-३०१: बादलीच हवी सर. दोन घ्या, दोन्हींच्या तळाशी जाळी. एकीत १० लिटर पाण्याला ३० मिली पीएच न्यूट्रल शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग शाम्पूत. छतापासून खाली या. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी, महामार्गाची सगळी घाण तिथेच असते. भांड्यांचं लिक्विड एरवी वापरू नका, जुनं वॅक्स उतरवतं. या वेळेला मात्र तेच हवंय, म्हणून एकदा चालेल.

बी-२०५: पाण्याचंही बघा दादा. बोअरचं पाणी जड आहे. थेंब वाळले की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके राहतात, काळ्यावर तर लगेच दिसतात. शेवटचं धुणं महापालिकेच्या पाण्याने करा आणि लगेच टिपून घ्या. ठिपके आधीच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, कापडावर घेऊन एक मिनिट ठेवा, मग धुवा. तरीही राहिले तर खड्डा पडलाय, पॉलिशशिवाय जाणार नाही.

सी-७०२: धन्यवाद वहिनी. क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) लागेल का?

ए-१०४: हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवर फिरवा. खरखर लागली तर लागेल. मागच्या चाकांजवळ हमखास लागते, ब्रेकची लोखंडी धूळ रंगात रुतते. तिथे आधी आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारा स्प्रे) मारा, जांभळं झालं की धुवून टाका. मग फाइन ग्रेडचा क्ले, ४०-५० ग्रॅमचा तुकडा, भरपूर शाम्पूचं पाणी, जोर अजिबात नाही. खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या. धुवून परत वापरायचा मोह नको, एक खडा बॉनेटभर रेघ ओढतो.

बी-३०१: क्लेनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, डिस्टिल्ड पाणी ४ भाग, या मिश्रणाने पुसून घ्या. तेलकटपणा राहिला की सीलंट टिकत नाही, आणि दोष मात्र बाटलीला जातो.

आता लावणं. सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. बेसमेंटला सकाळी लवकर. फोम ॲप्लिकेटर किंचित ओला, वॅक्स बोटाच्या पेराएवढं, एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. अख्ख्या गाडीच्या एका थराला १५-२० ग्रॅम पुष्कळ. जास्त लावल्याने जास्त चमकत नाही. जादा वॅक्स रंगाला चिकटतच नाही, फक्त पुसायला त्रास आणि कडांना पांढरी पूड.

सी-७०२: पुसायचं कधी?

बी-३०१: बोट ओढून बघा. मागे स्वच्छ रेघ उमटली तर तयार, चिकट फराटा आला तर थांबा. कोरड्या हवेत ५-१० मिनिटं, दमट दिवशी दुप्पट. ३५०-४०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मायक्रोफायबर, चार घड्या, बाजू बदलत राहा. वाळून कडक झालं तर घासू नका. त्यावरच वॅक्सचा पातळ हात फिरवा, खालचं विरघळतं, मग लगेच पुसा.

ए-१०४: बॉनेटवरच्या व्हेंट्स, पुढची काळी जाळी, काचेचे रबर, सगळ्यांना मास्किंग टेप. खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स वाळलं की पांढरं दिसतं आणि निघता निघत नाही. बॉनेटवर मॅट पट्टे असतील तर तेही सोडा, मॅटला चमकेचे डाग पडतात.

बी-२०५: पूजेचं पण सांगते. कुंकू बॉनेटवर थेट लावू नका, स्वस्त कुंकवात रंग असतात आणि ते ओले राहिले की डाग धरतात. नंबरप्लेटवर लावा. झेंडूची माळ जाळीला बांधा, पण बॉनेटवर लोळू देऊ नका. देठ आणि तार वाऱ्याने घासतात. संध्याकाळी उतरवूनच ठेवा.

सी-७०२: आणि परत कधी लावायचं?

ए-१०४: पाण्यावर लक्ष ठेवा. थेंब गोल, उभे आहेत तोवर ठीक. पसरट होऊन चादरीसारखं पाणी साचायला लागलं की आधी चांगली धुवून बघा, कधी नुसती धूळच बसलेली असते. तरीही पसरलं तर कार्नोबाचा हात. पक्ष्यांची घाण मात्र त्याच दिवशी काढा, वॅक्स त्यापुढे फार तर काही तास तग धरतं. ओला टिश्यू ५-१० मिनिटं ठेवायचा, मग उचलून घ्यायचा, घासायचं नाही.

बी-३०१: वापरलेली कापडं घरच्या कपड्यांत टाकू नका. वेगळी धुवा, कोमट पाणी आणि साधं लिक्विड डिटर्जंट. फॅब्रिक कंडिशनर नको, तंतूंवर थर बसतो आणि पुढच्या वेळी काचेसकट सगळीकडे फराटे उठतात.

सेक्रेटरी: शनिवारी सकाळी ७ ते १० बेसमेंटची पाहुण्यांची जागा तुम्हाला दिली आहे. वॉचमनला कळवलंय. बादल्यांचं पाणी ड्रेनच्या जाळीतच ओता.