मदत हवी आहे: पिल्लू निर्माल्यात तोंड घालतंय, कण्हेर तोडू का?

कळंब्यात राहतो. चार महिन्यांचं गावठी पिल्लू आणलंय, शेरू. दात येताहेत, त्यामुळं दिसेल ते चावतो. चपला झाल्या, पायपुसणं झालं, आता मोर्चा झाडांकडं.

परवा गडी निर्माल्याच्या बादलीत डोकं घालून बसलेला. आई रोज महादेवाला पिवळी कण्हेर वाहते, तीच फुलं चघळत होता. दोन उलट्या झाल्यावर रिक्षात घालून डॉक्टरकडं पळालो. कण्हेरीचं विष हृदयावर जातं, उलटी थांबली तरी ठोके बिघडू शकतात, म्हणून त्यांनी दिवसभर ठेवून घेतलं. वाचला. निघताना शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मिठाचं पाणी पाजलं होतं, त्यावर मात्र डॉक्टर जाम तापले. जास्त मीठ पोटात गेलं तर त्यानंच कुत्रं दगावतं म्हणे.

आता अडचण अशी, की झाड आजोबांनी लावलेलं. आई कोयत्याला हात लावू देत नाही. खालच्या फांद्या छाटल्या तर भागेल का? पण बिट्ट्या, म्हणजे कण्हेरीची फळं, खाली पडणारच, आणि आतलं बी फुलापेक्षा वाईट. असं झाड दारात ठेवून कुणी कुत्रं सांभाळलंय का?

बाकी सायकस काढून टाकला, त्यानं यकृत जातं. मनी प्लांट आणि डिफेनबाकिया उंच टांगलेत. त्यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. जास्वंद, मोगरा, गुलाब राहू देत ना?

गुळाची ढेप: भावा, ती तिन्ही राहू देत. कण्हेरीला बुंध्यापासून लांब, बिट्ट्या पडतात तिथवर जाळी मार. आमच्याकडं तशीच आहे, तरी रोज सकाळी आधी झाडून घेतो, मग कुत्रं सोडतो. बादलीला घट्ट झाकण, ते तर आजच. आणि एक सांग, गुलाबाला खत काय घालतोस? एरंडीची पेंड असेल तर पहिली ती बंद कर. कुत्री वासानं माती उकरून खातात, आणि त्या पेंडीतलं विष जीव घेतं. गांडूळखत घाल की.

धागाकर्ता: अर्धं पोतं जिन्याखाली उघडंच आहे. शेरू दुपारी तिथंच झोपतो. उठलोच.